चेक परत आला, आज बाविसावा दिवस: वकिलाकडे नेमकं कधी जायचं?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचा लहान कारखाना चालवणाऱ्या एका उद्योजकाचा प्रश्न आहे: "चार लाख ऐंशी हजारांचा चेक परत आला, त्याला आज बावीस दिवस झाले. पार्टी जुनी आहे, 'महिनाअखेरीला बघतो' म्हणते. चार महिन्यांपूर्वी मेहुण्यांचा अपघातात पाय मोडला, विमा कंपनीचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. त्यात परवा कामगारांच्या मारामारीवरून पोलीस ठाण्यातून 'येऊन जा' असा फोन आला. प्रत्येक गोष्टीला वकील करायचा म्हटलं तर धंदा कधी करायचा? वकिलाकडे नेमकं कधी जायचं असतं?"

सांगलीच्या जिल्हा न्यायालयात मी सव्वीस वर्षं वकिली करतोय. ज्यांचं नुकसान मला भरून देता आलं नाही, अशी बरीच माणसं आजही आठवतात. त्यांतल्या बहुतेकांची बाजू खरी होती, कागदही होते. फक्त ती उशिरा आली होती. म्हणून भांडण किती मोठं आहे यावरून वकिलाकडे जायचं की नाही हे ठरवू नका. दोन गोष्टी बघा. हातात आलेल्या कागदाला कायद्याने काही मुदत लागली आहे का? आणि कुणी तुमची सही किंवा तुमचा जबाब मागतंय का? यातलं एक जरी 'हो' असेल तर त्याच दिवशी फोन करा. दोन्ही 'नाही' असतील तर चार दिवस थांबलात तरी बिघडत नाही.

आधी चेक. तुमचे आठ दिवस उरलेत.

चेक न वटल्याची केस निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली चालते. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला त्याला १५ दिवस असतात. त्या १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद दाखल करायची. यातल्या शेवटच्या टप्प्याला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून माफी मिळू शकते. पहिल्या ३० दिवसांना तशी माफी नाही. एकतिसाव्या दिवशी निघालेल्या नोटिशीवर केस उभी राहत नाही, मग समोरचा फोनवर शंभर वेळा 'देतो' म्हणाला असला तरी. 'महिनाअखेरीला बघतो' या वाक्याने पार्टीचे दिवस वाढतात आणि तुमचे कमी होतात.

तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराची गोष्ट सांगतो. बेदाणा विकला, परराज्यातल्या व्यापाऱ्याने सात लाखांचा चेक दिला, तो परत आला. 'दिवाळी होऊ द्या, सगळं एकदम देतो.' दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि माझ्याकडे आले तेव्हा चेकवरच्या तारखेला साडेतीन महिने उलटले होते. चेकची वैधता तीन महिन्यांची, म्हणजे तो पुन्हा बँकेत टाकता येत नव्हता, आणि नोटिशीची मुदत तर कधीच गेली होती. उरला दिवाणी वसुलीचा दावा. त्याला तीन वर्षांची मुदत असते, तो आम्ही लावला. पण कोर्ट फी भरायची, समन्स परराज्यात बजावायचं, निकाल लागला की पुन्हा दरखास्तीत (निकालाच्या अंमलबजावणीसाठीच्या अर्जात) त्याची मालमत्ता शोधत फिरायचं. ज्या माणसाने बाग उभी करायला सोसायटीचं कर्ज काढलंय, त्याला हे किती जड जातं ते मी जवळून बघितलं.

त्याच वर्षी दुसरे एक शेतकरी एक्केचाळिसाव्या दिवशी आले. नोटिशीची मुदत त्यांचीही गेली होती, पण चेकच्या तारखेला तीन महिने व्हायचे होते. आम्ही तोच चेक पुन्हा भरायला लावला, तो पुन्हा परत आला, आणि चेक परत आल्याच्या बँकेच्या नव्या चिठ्ठीवरून, म्हणजे मेमोवरून, नवे ३० दिवस मोजायला मिळाले. असं करता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच त्यांचे पैसे आले. दोघांच्या प्रकरणात फरक होता तो फक्त काही आठवड्यांचा.

नोटीस स्वतः लिहिता येते का? येते, कायद्याने वकील सक्तीचा नाही. पण मी ही जोखीम घ्यायला सांगणार नाही. मागणीची रक्कम चेकच्या रकमेशी तंतोतंत जुळावी लागते. व्याज, वाहतूक, जुनी उधारी असं सगळं एकत्र करून मोघम आकडा लिहिला की तिथेच पहिला आक्षेप येतो. चेक कंपनीचा असेल तर कंपनीला आरोपी करावंच लागतं, नुसत्या डायरेक्टरवर केस टिकत नाही. मधल्या काळात पार्टीने पन्नास हजार रोख दिले असतील आणि तुम्ही तरीही पूर्ण रकमेचा चेक भरला असेल, तर तेही वकिलाला आधी सांगा. हे लपवून काढलेली नोटीस उलटतपासणीत उघडी पडते. नोटीस योग्य पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा (रजिस्टर पोस्ट २०२५ पासून त्यातच विलीन झालंय) आणि पावती जपा. समोरच्याने मुद्दाम घेतली नाही किंवा 'घर बंद' असा शेरा आला, तरी पत्ता बरोबर असेल तर नोटीस मिळाली असंच सामान्यपणे धरलं जातं.

जुनी पार्टी आहे, नोटिशीने संबंध बिघडतील, ही तुमची काळजी मला कळते. पण नोटीस म्हणजे केस नव्हे. तिने तुमचा हक्क शाबूत राहतो, एवढंच. पैसे आले तर विषय संपला. केस दाखल झाल्यावरही कुठल्याही टप्प्यावर तडजोड करता येते, कारण हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा आहे. ज्याला खरंच द्यायचेत तो नोटिशीनंतर बोलायला येतो, असा माझा अनुभव आहे. आणि उद्या तुम्हालाच अशी नोटीस आली तर ती टेबलाच्या खणात ठेवू नका. चेकवर सही तुमची असेल तर देणं होतं असं कायदा गृहीत धरतो, ते खोडायचं ओझं तुमच्यावर असतं, आणि त्याची सुरुवात त्या १५ दिवसांतल्या उत्तरापासून होते.

चेक नसेल, नुसती बिलं थकली असतील, तर तुमच्यासारख्या कारखानदाराला आणखी एक वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. न दिल्यास २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. त्यासाठी सुविधा परिषदेकडे (थकलेल्या बिलांचे वाद ऐकणारी सरकारी परिषद) ऑनलाइन अर्ज करता येतो. तो अर्ज तुमचा अकाउंटंटही भरू शकेल. मात्र नोंदणी व्यवहाराच्या आधीची असावी. थकबाकी झाल्यावर धावत जाऊन केलेल्या नोंदणीवर न्यायालयात वाद होतात. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा फायदा नाही, उत्पादन किंवा सेवा देणाऱ्याला आहे.

धंद्यात वकिलाची खरी गरज भांडण होण्याआधी असते, आणि तिथेच लोक हात आखडता घेतात. दोन मित्र भागीदारी करतात, पाचशेच्या स्टॅम्पवर कुणाकडून तरी मसुदा टाइप करून घेतात आणि फर्मची नोंदणी राहून जाते. नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही, हे १९३२ च्या भागीदारी कायद्यातलं कलम ६९. लोकांना ते कळतं तेव्हा वीस लाखांची उधारी बाहेर अडकलेली असते. दुसरी चूक बाहेर पडतानाची. माझे एक अशील आपसात समजुतीने, हिशोब चुकता करून फर्ममधून निघाले. जाहीर नोटीस दिलीच नाही. राहिलेला भागीदार फर्मच्या नावावर माल उचलत राहिला आणि तीन वर्षांनी पुरवठादाराचा दावा यांच्या दारात आला. बाहेर पडताना रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे सूचना, राजपत्रात आणि स्थानिक भाषेच्या एका वर्तमानपत्रात प्रसिद्धी, एवढं केलं असतं तर हा माणूस सुटला असता. खर्च फार तर काही हजार.

जामीनदार म्हणून सही हा याच जातीचा प्रकार. 'नुसती फॉर्मॅलिटी आहे' असं सांगितलं जातं. कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कर्जदाराकडून वसूल करून मग तुमच्याकडे यायला बांधील नाही. सख्ख्या भावासाठी सही करत असाल तरी करा, पण करारपत्र आधी कुणाला तरी वाचायला द्या. बँकेची सरफेसी कायद्याखालची (थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा कायदा) मागणी नोटीस आली तर ६० दिवस मिळतात, आणि पुढे ताब्याची कारवाई झाली की कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायला ४५. जीएसटीच्या आदेशावर अपील तीन महिन्यांत. इथे एक धोका आहे: या नोटिसा पोर्टलवर चढवल्या की बजावल्या असंच धरलं जातं. पोर्टल फक्त रिटर्न भरण्यापुरतं उघडणाऱ्या कितीतरी व्यापाऱ्यांना आदेश निघाल्याचं खातं गोठल्यावर कळतं.

आता मेहुणे. ते काम काय करतात हे तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळा हिशोब त्यावरच आहे.

१ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांसाठी मोटार वाहन कायद्यात भरपाईचा अर्ज सहा महिन्यांत करण्याची अट पुन्हा आली आहे. मधली जवळजवळ तीस वर्षं अशी मुदत नव्हती, त्यामुळे गावोगावी अजूनही 'क्लेम केव्हाही लावता येतो' असं सांगणारे भेटतात. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्याच्या भरवशावर बसू नका. तुमच्याकडे दोन महिने आहेत. अर्ज अपघात झाला त्या ठिकाणच्या, तुम्ही राहता त्या किंवा समोरचा राहतो त्या ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो. अपघात पुणे-बेंगळुरू महामार्गावर कर्नाटक हद्दीत झाला असला तरी सांगलीत दावा लावता येईल.

विमा कंपनीचा माणूस दोनदा घरी का आला? तो तपासनीस असणार. त्याचं काम जबाब घेणं आणि कमी रकमेत मिटतंय का ते बघणं. त्याच्याशी वाकडं वागायचं कारण नाही, पण वकिलाने बघितल्याशिवाय कशावरही सही करू नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच. 'मी उजवीकडून अचानक वळलो' असं एखादं वाक्य त्या जबाबात घुसलं की भरपाईतून निष्काळजीपणाचा वाटा कापला जातो, आणि तो वाटा निम्माही असू शकतो.

पाय मोडला म्हणजे किती टक्के अपंगत्व, हे डॉक्टर सांगतील. पण भरपाई ठरते ती कमाईची ताकद किती गेली यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा फरक नीट मांडला. समजा प्रमाणपत्रात चाळीस टक्के लिहिलंय. मेहुणे दुकानात गल्ल्यावर बसत असतील तर कमाईचं नुकसान त्याहून कमी धरलं जाईल. ते ट्रकचालक असतील आणि क्लच दाबणारा पाय गेला असेल, तर चाळीस टक्क्यांच्या कागदावर त्यांची शंभर टक्के कमाई गेलेली असू शकते. हे न्यायाधिकरणाला पटवून द्यावं लागतं, डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं. म्हणूनच उपचार संपून अपंगत्व स्थिर व्हायच्या आत तडजोड करू नका. दावा मात्र आधी दाखल करून ठेवा, प्रमाणपत्र मागाहून देता येतं.

मृत्यूच्या दाव्यात हिशोब कसा होतो तेही सांगतो, म्हणजे कुणी दारात येऊन 'पाच लाख घ्या आणि मोकळे व्हा' म्हणालं तर ते किती कमी आहे हे तुम्हाला कळेल. चौतीस वर्षांचा टेम्पोचालक, स्वतःचा धंदा, महिन्याला पंधरा हजार मिळवणारा. चाळिशीच्या आतला म्हणून भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के मिळवले की एकवीस हजार. मागे बायको, दोन मुलं, आई असे चार अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. या वयाला गुणक १६. म्हणजे ३०,२४,०००, आणि अंत्यसंस्कार, सहवास गमावणं वगैरेंच्या रकमा वेगळ्या. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी ठरवून दिलेली आहे. 'माणूसच गेला, पैशाचं काय बोलायचं' असं म्हणत पाच लाखांवर अंगठा उठवणाऱ्या विधवा मी बघितल्यात. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचे पैसे होते ते.

अपघाताच्या पहिल्या काही तासांत मात्र वकील नको, दवाखाना हवा. रस्ते अपघातातल्या जखमीला २०२५ च्या केंद्राच्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात, याची चौकशी तिथेच करा. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्या भल्या माणसाला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे कुणी मदतीला आलं तर त्याचा नंबर घ्या, तोच पुढे साक्षीदार होतो. फिर्याद आणि पंचनाम्यात गाडीचा नंबर, दिशा, वेळ बरोबर आलीय का ते घरातल्या कुणीतरी दुसऱ्या दिवशी वाचून घ्यावं. पोलीस वाईट हेतूने चुका करतात असं मी म्हणत नाही. रात्री दोन वाजता रस्त्यावर टॉर्चच्या उजेडात लिहिलेल्या पंचनाम्यात चूक होऊ शकते, आणि ती आठवड्यात दुरुस्त होते, वर्षाने होत नाही. औषधांच्या मूळ पावत्या, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, रिक्षाभाड्याच्या चिठ्ठ्यासुद्धा एका पिशवीत ठेवा. उपचारातच हलगर्जीपणा झाला असं वाटत असेल तर पहिलं काम केसपेपरची प्रत लेखी मागणं. ७२ तासांत ती द्यावी असा वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे.

दवाखान्याच्या दारात कार्ड घेऊन उभा असणारा 'एजंट' दिसला की सावध व्हा. मिळालेल्या रकमेत टक्केवारी घेण्याचा करार वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. जो 'आता एक पैसा देऊ नका, निकालावर तीस टक्के' म्हणतो तो पहिल्याच भेटीत नियम मोडतोय, आणि असा माणूस पुढे तुमचे पैसे कसे हाताळेल याचा विचार करा.

आणि तो पोलिसांचा फोन. जा, टाळू नका. पण जाण्याआधी एकच गोष्ट विचारा: साक्षीदार म्हणून बोलावताय की माझ्याविरुद्ध तक्रार आहे? दोन्हींना लेखी नोटीस असते. आरोप असेल आणि अटकेची गरज नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस येते, पूर्वीची ४१-अ. ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. नोटिशीप्रमाणे हजर राहून सहकार्य केलंत तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. उलट नोटीस आली असताना घरी बसलात तर तेच अटकेचं कारण होतं.

साक्षीदार असाल तर जे बघितलं तेवढं सांगा. कामगार तुमचे, जागा तुमची, म्हणून 'दोघांनाही समज दिली होती, आधीपासून त्यांचं पटत नव्हतं' असं सगळं सांगत सुटू नका. आधीपासून माहीत होतं तर काय केलंत, असा पुढचा प्रश्न येतो. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, हे कायद्यातच आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही, हा घटनेच्या कलम २०(३) ने दिलेला हक्क आहे. मात्र तुम्ही स्वतः समोरच्याला व्हॉट्सॲपवर 'चूक झाली, माफ करा, खर्च देतो' असं लिहून पाठवलं, तर ते पोलिसांपुढचं बोलणं राहत नाही, ते पुरावा होतं. भांडण मिटावं या चांगल्या हेतूने लिहिलेले असे मेसेज मी कितीतरी फायलींत वाचलेत. घाबरून ते डिलीट करणं त्याहून वाईट, तो वेगळा गुन्हा ठरू शकतो.

फौजदारीत वकील हवाच अशा वेळा मी सांगतो. तुमचं नाव फिर्यादीत आलंय असं कळल्यावर. तिथे अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात करता येतो, आणि तो नामंजूर झाला तर उच्च न्यायालयात. पूर्वी त्यासाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची ही वणवण थांबली. कुणाला अटक झाली असेल तेव्हा तर घरच्यांनी त्याच तासात वकील गाठावा. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं, अटकेची कारणं लेखी आणि समजेल अशा भाषेत द्यावी लागतात, नातेवाइकाला कळवावं लागतं. कोठडी द्यायची की नाही हे त्या पहिल्या हजेरीत ठरतं आणि नेमके तेव्हाच बरेच जण वकिलाविना उभे असतात. पुढे आरोपपत्र ६० दिवसांत, गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत आलं नाही तर जामिनाचा हक्कच तयार होतो. पण आरोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज केला तरच. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज घेऊन उभा राहणारा वकील आणि 'बघू पुढच्या तारखेला' म्हणणारा वकील यांच्या अशिलांच्या आयुष्यात काही महिन्यांच्या तुरुंगाचा फरक पडतो.

चॅप्टर केसकडे लोक दुर्लक्ष करतात. शांतता राखण्याचं बंधपत्र घेण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे हजर राहायची ती नोटीस. 'सही करून आलो' म्हणतात. अशा नोंदी साठत गेल्या की पुढे त्याच तडीपारीच्या प्रस्तावाला जोडल्या जातात. उत्तर द्या, नुसती सही करू नका.

तुम्हीच फिर्यादी असाल आणि पोलीस ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याचीही फिर्याद घेतली जात नसेल, तर पोलीस अधीक्षकांना लेखी, आणि तिथूनही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. घटना कुठल्याही हद्दीतली असली तरी शून्य क्रमांकाने फिर्याद घ्यावी लागते. 'एनसी नोंदवली' याचा अर्थ तपास सुरू झाला असा होत नाही. अदखलपात्र तक्रारीत न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ऑनलाइन पैसे गेले तर आधी १९३० वर फोन, वकील नंतर. आणि व्हिडिओ कॉलवर कुणी 'डिजिटल अटक' केली असं सांगत असेल तर फोन कापा, अशी अटक भारतीय कायद्यात नाहीच.

वकील नको अशाही जागा आहेत. ग्राहक आयोगात स्वतःची तक्रार स्वतः चालवता येते, दोन वर्षांच्या आत. हरवलेल्या कागदपत्रांची नोंद, माहिती अधिकार, लोकअदालतीत वाहतुकीचं चलान मिटवणं, यांसाठी फी खर्च करू नका. लोकअदालतीत मोठं प्रकरण मिटवणार असाल तर मात्र सहीआधी वकिलाला विचारा, कारण त्या निवाड्यावर अपील नसतं.

फी परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले, या सगळ्यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तुमच्या भांडलेल्या कामगारांनाही. जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन. फौजदारी बचावासाठी लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू झालीत, तिथे पूर्णवेळ वकील बसतात आणि मन लावून काम करतात.

वकील निवडताना मोठं ऑफिस बघू नका. त्या प्रकारची कामं तो रोज करतो का ते विचारा. चेकच्या केसेस करणारा सत्र खटला नीट लढेलच असं नाही, आणि मीही मोटार अपघाताची गुंतागुंतीची प्रकरणं सहकाऱ्याकडे पाठवतो. फी किती, कोणत्या टप्प्याला किती, हे लिहून घ्या, पावती मागा. मूळ कागद दिलात तर पोच घ्या. प्रकरणाचा सीएनआर क्रमांक घेऊन ई-कोर्ट्स ॲपवर तारीख स्वतः बघत जा. 'साहेबांशी बोलून ठेवलंय, जामीन नक्की' असं जो म्हणेल त्याच्याकडून उठून या.

उद्या येताना चेक, बँकेचा रिटर्न मेमो, बिलं, डिलिव्हरी चलनं आणि त्या पार्टीच्या खात्याचा उतारा आणा. मेमो कोणत्या दिवशी हातात पडला ते बँकेच्या मेसेजवरून पक्कं करा. एका कागदावर तारखेप्रमाणे काय घडलं ते दहा ओळींत लिहा, न आवडणाऱ्या गोष्टींसकट. पोलीस ठाण्यात जायचं आहे ते त्याच दुपारी जाऊ, आधी मारामारीबद्दल कुणाशी फोनवर काही बोलू नका. मेहुण्यांना घेऊन यायची गरज नाही, त्यांचा पाय आधी बरा होऊ द्या. फक्त फिर्यादीची प्रत, दवाखान्याची पिशवी आणि त्यांच्या लायसन्सची झेरॉक्स पाठवा. अकराच्या आत पोहोचलात तर नोटीस उद्याच्याच टपालात जाईल.